थंड आणि कोरड्या जागी

बाटली तळहातावर उपडी केली तर काहीच पडलं नाही. हलवून पाहिली, तर रोजच्या खुळखुळ आवाजाऐवजी आत एकच जड धप्प झालं. खिडकीशी नेऊन डोळा लावला. सगळ्या कॅप्सूल एकमेकींना चिकटून त्यांचा लाडू झालेला, पांढरा रंग जाऊन तपकिरी आलेला, अन् बाटलीच्या आतल्या अंगाला पाण्याचे बारीक थेंब. दुसरी बाटली उघडली, तीही तशीच. तिसरी माशाच्या तेलाची. तिच्यातल्या मऊ कॅप्सूल फुगून एकमेकींत रुतल्या होत्या, काही फुटल्या होत्या, अन् वास असा सुटला की मी झाकण लावून आधी खिडकी उघडली. मग पलंगाच्या कडेवर बसून राहिले. सगळं आयुष्य मी वाळूजच्या एका औषध कंपनीत स्टॅबिलिटी विभागात काढलं. कुठलं औषध कशानं बिघडतं, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. अन् माझ्याच कपाटात, माझ्याच नाकाखाली ही गत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

ठेवण्यात तर मी काही कसर सोडली नव्हती. लोक गोळ्या कुठंही ठेवतात. गॅसच्या वरच्या फळीवर ठेवतात, तिथं रोजची वाफ अन् फोडणी. न्हाणीघरातल्या आरशामागं ठेवतात, तिथं कायमचं दमट. फ्रिजच्या डोक्यावर ठेवतात, तिथं ऊब लागते. अन् जे स्वतःला फार शहाणे समजतात ते फ्रिजच्या दारात ठेवतात, म्हणजे बाटली बाहेर काढली की गार अंगावर हवेतली वाफ बसणार अन् झाकण उघडलं की आत शिरणार. ज्या सोनियाकडून मी या गोळ्या घेतल्या, ती योगाच्या वर्गाला येणारी बाई, तिनं तर सगळा माल स्कूटीच्या डिकीत घालून मे महिनाभर गाव पालथं घातलं होतं. मी तिला तिथंच झापलं, म्हटलं, बाई, तू तारुण्य विकतेस का भाजलेले शेंगदाणे? डिकीतला माल घेतला नाही, नव्या खोक्यातून आलेल्या बाटल्या घेतल्या. उत्तरेकडच्या खोलीतल्या लोखंडी कपाटाचा सगळ्यात खालचा कप्पा त्यांना दिला, तिथं ऊन कधी पोचत नाही अन् भिंतीला ओलही नाही. गोळ्या दुसऱ्या डब्यात ओतायच्या नाहीत. आतली सिलिका जेलची पुडी काढायची नाही, कारण बाटलीतला ओलावा तीच तर शोषून घेते. हात कोरडे करून झाकण उघडायचं अन् लगेच लावायचं. निवृत्त होताना विभागातल्या पोरींनी मला तापमान अन् दमटपणा दाखवणारं एक छोटं यंत्र भेट दिलं होतं. इतर बायकांना साड्या मिळतात. ते यंत्रही मी बाटल्यांशेजारी ठेवलं होतं, अन् रोज सकाळी देवाला हात जोडायच्या आधी त्याच्यावरचे आकडे बघत होते.

तशी मी असल्या गोळ्यांना हसणाऱ्यांतली. आमचं कामच मुळी औषधांना घाईनं म्हातारं करायचं होतं. माणसाएवढी उंच पेटी, तिला चेंबर म्हणायचं. आत चाळीस अंशांची ऊब अन् भाद्रपदातल्यासारखा चिकट दमटपणा, रात्रंदिवस, त्याला दिवाळी नाही की संक्रांत नाही. त्यात गोळ्या ठेवायच्या अन् ठरल्या दिवशी काढून बघायच्या, रंग उतरला का, कडा ढासळल्या का, ताकद किती उरली. बाहेर ज्याला दोन वर्षं लागतात ते आत सहा महिन्यांत होतं. त्यावरून लेबलवर कुठली तारीख छापायची ते ठरायचं. थंड आणि कोरड्या जागी ठेवा, उजेडापासून जपा, या ओळीखाली मी जन्मभर सह्या केल्या. तेव्हा सोनियानं चटईवर बसल्या बसल्या पेशी तरुण राहतात, वय मागं सरतं असलं काही सुरू केलं, तशी मी तिला विचारलं, याला पुरावा काय. ती म्हणाली, ताई, माझा चेहरा बघा ना. चेहरा छानच होता तिचा, पण ती अजून चाळिशीचीही नव्हती. मला हसू आलं. घरी आले, भाजी चिरायला बसले, अन् चिरता चिरता हसू ओसरलं. समजा, यातलं शंभरात एक वाटा जरी खरं असलं तर? त्या एका वाट्यानं माझा पिच्छा सोडला नाही. शेवटी मीच तिला फोन केला.

कारण श्रेया. आमची श्रेया बत्तीस वर्षांची आहे अन् तिची समज सहा-सात वर्षांच्या पोरीची. जन्मली तेव्हा डॉक्टरांनी तिचे तिरके डोळे दाखवले, तळहातावरची एकच आडवी रेघ दाखवली, हृदयाला बारीक छिद्र असल्याचं सांगितलं. अन् अशी मुलं फार वर्षं काढत नाहीत हेही सांगितलं, आवाज हळू करून. तेव्हा मी देवाशी भांडले. माझी आई, साळूबाई, कन्नड गावचं आपलं घर सुनांवर टाकून इथं पडेगावला येऊन राहिली. तिनं श्रेयाला अंगाखांद्यावर वाढवलं, म्हणून मी कंपनीच्या बसनं जाऊ शकले. छिद्र आपोआप बुजलं. तिनं विशी ओलांडली, पंचविशी ओलांडली, तिशीही. यंदा उन्हाळ्यात तपासलं तर डॉक्टर हसून म्हणाले, हिचं हृदय तुमच्यापेक्षा ठणठणीत आहे. मीही हसले. पेढे वाटावेत अशी बातमी. बाहेर येऊन रिक्षात बसले अन् कुठं जायचं ते सांगायचंच विसरले. ती जगणार याचा आनंद होता अन् त्याचीच धास्ती होती. मला साठ पूर्ण झाली. माझा नवरा सुदर्शन पासष्टीचा. (तोंडानं मी त्याला अहो म्हणते, मनात नावानंच म्हणते, मनात कोण येतंय ऐकायला.) श्रेयाला भाऊ नाही, बहीण नाही. दुसरं मूल होऊ द्यायची आमची छातीच झाली नाही. तेव्हा माझं मागणं एवढंच होतं की मला तिच्यापेक्षा एक दिवस जास्त मिळावा. एकच. तिचं सगळं आवरून, तिचे कपडे घडी करून कुणाला तरी देऊन, डोक्यावरून आंघोळ करून आडवं होण्यापुरता. हे मी कुणालाही बोलले नव्हते. लोक लेकरासाठी उदंड आयुष्य मागतात. जी आई असलं काही मनात धरते तिला काय म्हणायचं, ते मी स्वतःला कितीदा तरी म्हणून घेतलं होतं.

अन् खरं सांगते, मला तरुण नव्हतं व्हायचं. मला म्हातारं व्हायचं होतं, सुखानं, इतर बायका होतात तसं. आमच्या गल्लीच्या टोकाला देवीचं मंदिर आहे, त्याच्या ओट्यावर संध्याकाळी माझ्या वयाच्या बायका बसतात. गुडघे धरले म्हणतात, सून विचारत नाही म्हणतात. एकीला ऐकू कमी येतं अन् तिला त्याचं काहीच वाटत नाही, ती आपली हसत असते. भाजी घेऊन त्यांच्यासमोरून येताना माझी पावलं रेंगाळतात. हेवाच तो, दुसरं काय. मलाही वाटतं, एखाद्या सकाळी अंग मोडून यावं अन् आपण खुशाल सांगावं, आज मी उठत नाही, चहा इथंच आणा. भाकरी चावत नाही म्हणून कुरकूर करावी. नावं विसरावीत. माझी आई शेवटी शेवटी सगळ्या नातवंडांना एकाच नावानं हाक मारायची अन् ज्याच्या कानावर पडेल तो ओ द्यायचा. केवढं आयतं म्हातारपण! मला कुणाचं नाव आठवलं नाही तर घाम फुटतो. मागं गच्चीच्या जिन्यावर पाय घसरला, तर हाड मोडलं का हे बघायच्या आधी श्रेयाला कोण जेवू घालणार हे मनात आलं. केस पांढरे झाले, होऊ देत, मी रंगवत नाही. पण आतलं काही हलता कामा नये. चेंबरमधल्या गोळीनं म्हणावं की मी मुळीच बदलणार नाही, तसला हट्ट. असा हट्ट कुठल्याही गोळीचा चालत नाही, हे माझ्याएवढं कुणाला ठाऊक असणार.

सुदर्शननं संस्थेचं पहिल्यांदा काढलं ते मागच्या संक्रांतीला. खुलताबादच्या अलीकडं, घाट चढून गेल्यावर, सगीरा आपा नावाच्या एका निवृत्त नर्सनं श्रेयासारख्या मोठ्या माणसांसाठी घर चालवलंय असं कुणीतरी त्याला सांगितलं होतं. म्हणाला, आपण आहोत तोवरच तिला थोडी थोडी सवय लावू, महिन्यातून चार दिवस, मग आठ. आपल्यामागं कुणीतरी तिला एकदम उचलून नेण्यापेक्षा हे बरं. मी तिळगुळाचं ताट तसंच ठेवून आत गेले. आषाढात त्यानं पुन्हा काढलं. तेव्हा मी म्हटलं, मी आहे ना. तो म्हणाला, किती दिवस? म्हटलं, नव्वदीपर्यंत. त्यानं टीव्हीचा आवाज वाढवला. सोनियाला मी फोन केला तो त्याच आठवड्यात. म्हणजे या बाटल्या हे मी सुदर्शनला दिलेलं उत्तर होतं. त्याला ते कळलं होतं की नाही, देव जाणे. माझ्यासमोर तो कधी या गोळ्यांना हसला नाही, उलट मी घ्यायची विसरले तर आठवण करायचा. अन् आता ते उत्तर गठ्ठा होऊन माझ्या मांडीवर पडलं होतं, वास मारत.

बाटल्या पुन्हा नीट पाहिल्या. तिन्ही एका ओळीत, बोट लावून जुळवल्यासारख्या, लेबलं समोर. लेबलांचे कागद मात्र सुरकुतलेले, कडा सुटलेल्या. अन् तिन्हींपैकी एकीतही सिलिकाची पुडी नव्हती. तेव्हा डोक्यात लख्ख पडलं. परवा गुरुवारी पाणी आलं होतं. ज्याच्या नळाला रोज पाणी येतं त्याला हे कळायचं नाही. आमच्या शहरात आठवड्यातून एकदा आलं तरी लोक नशीब म्हणतात, अन् येतं त्या दिवशी घराघरांत सणासारखी धांदल. टाकी, ड्रम, हंडे, कळशा, सगळं भरायचं. अन् भरायच्या आधी सगळं घासायचं, कारण एवढं पाणी पुन्हा हाताशी कधी येईल त्याचा नेम नाही. श्रेयाचा हा सगळ्यात लाडका दिवस. नळाचा फुसफुस आवाज गल्लीत कुणाच्याही आधी तिला ऐकू येतो. पाणी आलं, पाणी आलं, असं ओरडत ती दारोदार सांगून येते, गाऊन खोचते अन् मोरीशी बसते. जे जे पोकळ, ते ते तिला घासायचं असतं. डबे, बरण्या, तांबे, एकदा तर सुदर्शनचा चष्म्याचा डबा. गुरुवारी माझं अंग दुखत होतं, मी टाकीत पाइप सोडून पडून राहिले होते, अन् काल शुक्रवारीही गोळ्या घ्यायचं राहून गेलं होतं. तेवढ्यात तिनं कपाट उघडलं असणार.

तिला हाक मारली. बाटल्या बघून तिचा चेहरा फुलला. तिनं मला सगळं सांगितलं, हातवारे करून, केवढ्या अभिमानानं. गोळ्या ताटात काढल्या, एकही सांडली नाही. बाटल्या साबणानं घासल्या, बोट घालून. मग ज्याच्या गोळ्या त्याच्यात भरल्या अन् झाकण घट्ट, हे असं. अन् विषाच्या पुड्या फेकून दिल्या, घंटागाडीत, स्वतः जाऊन. विषाच्या पुड्या! ती लहान असताना नव्या बुटांच्या खोक्यातली पुडी तोंडात घालताना मी तिला पकडलं होतं. सिलिका काही विष नव्हे, हे मला चांगलं ठाऊक. पण घशात अडकली असती तर? अन् तिला चार कारणं सांगून उपयोग नसतो, तिला एक शब्द लागतो, तर मी विष म्हणाले. पुडी दिसली की काढायची, टाकून द्यायची, हात धुवायचे. तिच्याकडून घोकून घेतलं. तिनं ते आजवर पाळलं. घरात नवी पर्स येवो की नवी चप्पल, ती आधी पुडी शोधते. आता बोलणार कुणाला? आपलेच दात अन् आपलेच ओठ.

तरी मी बोलले. बोलले कसली, ओरडले. पडेगावात असेल नसेल तेवढ्यांनी ऐकलं असेल. काय काय बोलले ते सांगण्यासारखं नाही. एवढं आठवतं की मी म्हणाले, तुझ्यासाठीच करत होते ना गं हे, तुझ्यासाठीच जगायचं होतं मला. तिला त्यातलं काही कळलं नाही, आवाज तेवढा कळला. ती भिंतीकडं तोंड करून उभी राहिली, दोन्ही हात कानांवर, अन् पुटपुटत राहिली, पुसल्या होत्या, पुसल्या होत्या. पुसल्याच होत्या तिनं, बाहेरून. आतपर्यंत फडकं पोचत नाही.

मी स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून उभी राहिले. श्रेयाच्या वेळी दिवस गेले होते तेव्हाची थंडी आठवली. त्या वर्षी वाळूजला फार गारठा पडला होता, अन् नमुने काढायला चेंबरचं दार उघडलं की आतली ऊब पोटावर यायची. मी दार जरा जास्तच वेळ उघडं ठेवायची. साहेब रागवायचे, आतलं तापमान पडतं म्हणायचे, मी हो म्हणायची अन् दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पोटावर ती ऊब घेत उभं राहण्याएवढं सुख मला नंतर कशात मिळालं नाही. श्रेया झाल्यावर किती तरी वर्षं मला त्या उबेची भीती वाटली. गुणसूत्रांची ती चूक गर्भ राहतानाच घडते, चेंबरशी तिचा काही संबंध नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं, मी स्वतः विज्ञान शिकलेय, तरी झोपेतून दचकून उठायची. आज मात्र भीती वाटली नाही. आज फक्त तिथं जाऊन उभं राहावंसं वाटलं, तेवढीच जवान, पोटात ती, अन् अजून कुणी काहीच सांगितलेलं नाही. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. बाहेर तिचं पुटपुटणं चालूच होतं. अठराव्या वर्षी तिची शाळा सुटली, त्यानंतर ती या घरात आहे. उन्हात नको, गर्दीत नको, लग्नाघरी नको, लोक टकमक बघतात. सावलीत, कोरडी, झाकण घट्ट लावून. असले विचार मला आवडत नाहीत, कामधंदा नसलेल्या माणसाला सुचतात ते. मी डोळे पुसून कणीक मळायला घेतली.

सुदर्शन आला तो जेवायची वेळ टळून गेल्यावर. दर शनिवारी सकाळच्या गाडीनं तो खुलताबादला भद्रा मारुतीला जातो, लग्नाआधीपासूनचा नेम. अलीकडं त्याला यायला उशीर होतो. विचारलं तर गाडी नव्हती म्हणतो. त्यानं श्रेयाला भिंतीशी पाहिलं, बाटल्या पाहिल्या, नाकाला लावली एक, अन् काही न विचारता आधी तिच्या हातावर प्रसाद ठेवला. ती खाली बसून खायला लागली. मग तो आत आला. म्हणाला, दुसऱ्या आणू. मी म्हटलं, आणायचा प्रश्न नाही. तर म्हणाला, मग एवढं रडायला काय झालं, त्या गोळ्यांनी असं काय व्हणार होतं. समजुतीनंच म्हणाला तो, पण मला तेवढं निमित्त पुरलं. इतकी वर्षं जे जिभेवर आलं नव्हतं ते आलं.

"मला तिच्यामागं एक दिवस जगायचंय," मी म्हणाले. "आधी ती जावी, मग मी. रोज हेच मागते मी. आता म्हणा काय म्हणायचं ते."

बोलून गेले अन् वाटलं, संपलं, आता हा माणूस माझं तोंड बघणार नाही. हाताला कणीक तशीच. तो स्टुलावर बसला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली अन् तिच्यावरून हात फिरवत राहिला.

"मी मारुतीला काय मागतो, तुला काय वाटतं?" त्यानं विचारलं.

"तिला आयुष्य."

"नाय. आपल्या आधी ने म्हणतो तिला. दर शनवारी. अन् मागून झालं की लाज वाटती. देवापाशी पोरीचं मरण मागायचं अन् त्याच तोंडानं घरी यायचं कसं? म्हणून वाटेत आपाकडं उतरतो. जेवायच्या वक्ताला जातो, न सांगता. कुणाला मारतेत का, उपाशी ठेवतेत का, बघत बसतो. संक्रांतीपासनं जातोय."

मी विचारलं, मग काय दिसलं. तो म्हणाला, मारत नाहीत. जेवण बरं असतं, वरण जरा पातळ असतं. मी हसले का रडले मला सांगता येणार नाही. एका छपराखाली आम्ही दोघं इतकी वर्षं एकच मागणं उराशी धरून होतो अन् एकमेकांपासून लपवत होतो. मी समजत होते या घरात एकटी मीच दुष्ट. केवढं हलकं वाटलं, अन् केवढी कणव आली त्याची. शनिवारच्या शनिवारी हा माणूस तिथं अनोळखी लोकांच्या पंगतीशेजारी बसून वरणाची परीक्षा घेत होता, अन् घरी येऊन गाडी नव्हती म्हणत होता. माझ्या हाताची कणीक त्याच्या सदऱ्याला लागेल याची पर्वा न करता मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. लग्न झालं तेव्हाही मला त्याच्या इतकं जवळ जावंसं वाटलं नव्हतं. पहिल्यापासून पुन्हा एकदा त्याच्याबरोबर जगावं असं वाटलं, सगळं, हेच सगळं, पण एकमेकांशी बोलून. बाटल्या मी कचऱ्यात टाकल्या. दुसऱ्या मागवल्या नाहीत.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं गेलो. पडेगावच्या फाट्यावर एसटी मिळाली. दौलताबादच्या वेशीतून गाडी जाताना श्रेयानं कमान लागेल म्हणून डोकं खाली घातलं अन् मलाही घालायला लावलं. घाटात सीताफळांचे ढीग लागले होते. सगीरा आपा उंच, हाडापेरानं मजबूत, चष्मा दोरीनं गळ्यात. बैठं घर, ओळीनं खोल्या, अंगणात कडुनिंब. मी घरातून ठरवूनच निघाले होते की खोड काढायची. स्वयंपाकघर बघितलं, मोरी बघितली, चादरी हुंगल्या, औषधांचं कपाट बघितलं. ते उत्तरेच्या भिंतीला होतं, कुलपात, गोळ्या ज्याच्या त्याच्या मूळ बाटलीत. तिथं खोड काढायला जागाच नव्हती. अंगणात एक पन्नाशीचा माणूस सीताफळं निवडत बसला होता, एकेक हलक्या हातानं दाबून, पिकलेलं एकीकडं, कच्चं एकीकडं. चेहरा श्रेयाच्या चेहऱ्याचा, फक्त दाढी पिकलेली. तो आपाचा धाकटा भाऊ जब्बार. आपानं सांगितलं, त्याला अम्मीशिवाय कुणाचीच सवय नव्हती, अम्मीनं लागू दिली नव्हती. ती गेल्यावर दोन वर्षं तो घरातलं एकेक कपाट उघडून बघायचा, आत अम्मी आहे का. "उसकेच वास्ते चालू करी मैं ये घर," आपा म्हणाली, अन् दुसऱ्याच कामाचं बोलायला लागली. मी मात्र तिथंच थांबले. श्रेया आमच्या घरातली कपाटं उघडते आहे असं मला दिसायला लागलं.

आत एक खोली होती, चार खाटांची. आपानं मला विचारलं, पोरीला काय काय येतं. सवयीनं मी काय येत नाही तेच सांगायला लागले. वेणी घालता येत नाही, घड्याळ कळत नाही, रात्री एकटी झोपत नाही, घाबरते, मला शेजारी लागते. आपा ऐकत होती. श्रेया तोवर एका रिकाम्या खाटेवर बसून गादी दाबून बघत होती. आपानं तिला विचारलं, इथं राहशील का बेटा, चार दिवस? श्रेयानं विचारलं, ही माझी? आपा म्हणाली, हां, तुझी. मग तिनं विचारलं, अन् आई? आपा म्हणाली, आई घरी, चार दिवसांनी न्यायला येणार.

श्रेयानं गादी पुन्हा एकदा दाबली. मग उठली, आपाच्या ओढणीला धरून तिला कोपऱ्यात नेलं अन् तिच्या कानाशी तोंड नेलं.

"मी राहते," ती म्हणाली. "पण आईला एकटीला झोप येत नाय. ती रात्री रडती. मी झोपल्यागत करते, मग ती माझा हात धरती अन् झोपती. तिला सांगू नका हां, मी सांगितलं म्हणून."

श्रेयाला हळू बोलता येत नाही. खोलीत सगळ्यांना ऐकू गेलं, दारातल्या सुदर्शनलासुद्धा. आपानं मान हलवून कबूल केलं, नाही सांगणार. मी खिडकीशी उभी होते. पाठ फिरवून बाहेर बघत राहिले, जसं काही मी ऐकलंच नाही, कारण मला कळू नये असं तिनं सांगितलं होतं. चेहरा सारखा झाल्यावर मी वळले अन् आपाला विचारलं, येत्या शनिवारी तिला आणून सोडली तर चालेल का.